आयडेक्सचा अर्ज शेवटाकडून लिहा : संरक्षण तंत्रज्ञानासाठी सरकारी निधी कसा मिळवायचा

संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेचा अर्ज समोर आला की बहुतेक जण पहिल्या रकान्यापासून भरायला घेतात. कंपनीचं नाव, संचालक, मग कल्पना, मग खर्च आणि वेळ उरलाच तर चाचणी. माझा आग्रह याच्या उलट क्रमाचा आहे. दीड-दोन वर्षांनी तुमचा नमुना सैन्याच्या माणसांसमोर ठेवला जाईल, तेव्हा तो काय करून दाखवणार आहे, हे आधी एका पानावर लिहा. त्या पानातून टप्पे निघतात, टप्प्यांतून खर्च निघतो आणि खर्चातून अर्ज उभा राहतो. या क्रमाने लिहिलेला अर्ज छाननी करणाऱ्याला लगेच ओळखू येतो. निवड झाल्यावर तो अर्ज तुम्हालाच अडचणीत आणत नाही, हा त्याहून मोठा फायदा.

भोसरी, अंबड, वाळूज, हिंगणा अशा औद्योगिक वसाहतींत संरक्षणाच्या कामाला लागेल असं कौशल्य असलेले कितीतरी कारखाने आहेत. पुण्यात एआरडीई, एचईएमआरएल आणि दिघीची आर अँड डीई, अहिल्यानगरला व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, ओझरला विमानं बनवणारी एचएएल, मुंबईत माझगाव डॉक, गोव्यात गोवा शिपयार्ड, खडकीला म्युनिशन्स इंडिया आणि नागपूरला यंत्र इंडिया या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असूनही अनेक जण ‘सरकारी काम म्हणजे ओळख हवी’ असं म्हणून अर्जच करत नाहीत. ओळखीपेक्षा इथे तयारी जास्त लागते आणि तयारी शिकता येते.

आधी योजना निवडा, मग स्वप्नं बघा

‘इनोव्हेशन्स फॉर डिफेन्स एक्सलन्स’ म्हणजे आयडेक्स ही योजना एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईजवळच्या डिफेन्स एक्स्पोमध्ये सुरू झाली. ती डिफेन्स इनोव्हेशन ऑर्गनायझेशन ही ना-नफा कंपनी चालवते. तिची स्थापना एचएएल आणि बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) या सरकारी कंपन्यांनी केली आणि ती संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत येते. तिन्ही दलं आपल्या अडचणी ‘डिफेन्स इंडिया स्टार्टअप चॅलेंज’ म्हणजे डिस्कच्या फेऱ्यांतून जाहीर करतात. पहिल्या फेरीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, अशी ११ आव्हानं होती. ऑक्टोबर २०२४ मधल्या बाराव्या फेरीत ४१.

निधीच्या तीन पायऱ्या आहेत. साध्या आव्हानासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अदिती योजनेत २५ कोटींपर्यंत. अदिती ही क्वांटम, कृत्रिम बुद्धिमत्ता, ड्रोनविरोधी यंत्रणा अशा अवघड तंत्रज्ञानासाठी आहे. शिवाय ओपन चॅलेंजमध्ये तुमची स्वतःची कल्पना मांडता येते.

डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड, म्हणजे टीडीएफ, ही वेगळी वाट आहे. तिथे एका प्रकल्पाला ५० कोटींपर्यंत आणि खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची. मात्र तिथे बौद्धिक संपदेत डीआरडीओची भागीदारी असते. आयडेक्समध्ये सरकारचा वाटा साधारण निम्मा आणि उरलेला तुमचा, पण संपदा मुख्यतः तुमच्याकडे राहते. स्वतःकडे पैसा कमी असेल आणि प्रकल्प लांब पल्ल्याचा असेल, तर टीडीएफ. नागरी बाजारातही विकता येईल असं उत्पादन असेल, तर आयडेक्स. माझा कल असा आहे.

डिफेन्स अ‍ॅक्विझिशन प्रोसिजर २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीतली मेक-१ ही वाट मोठ्या यंत्रणांसाठी आहे, तिथे नमुन्याचा ७० टक्क्यांपर्यंत खर्च सरकार देतं. मेक-२ मध्ये नमुन्यासाठी सरकारी पैसा मिळत नाही. तो उद्योगाने स्वतः घालायचा असतो. ‘मेक’ या शब्दावरून दोन्हींची गल्लत करू नका.

आणि कल्पना अजून वहीतच असेल तर यातलं काहीच नको. प्रयोगशाळेतला पहिला नमुना करायला विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना १० लाखांपर्यंत मदत करते. स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. टेबलावर चालणारी वस्तू हातात असेल, तर आयडेक्सच्या समितीसमोर बोलणं सोपं जातं.

प्रत्येक योजनेची मुदत आर्थिक वर्षांना बांधलेली असते आणि अटी फेरीगणिक बदलतात. त्या त्या फेरीची मार्गदर्शक सूचना संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि छापून भिंतीला लावा.

पात्रतेचे कागद

यावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण हे काम शेवटच्या आठवड्यात ढकलू नका. अर्ज तीन प्रकारच्या मंडळींना करता येतो. केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता असलेले स्टार्टअप, सूक्ष्म-लघू-मध्यम उद्योग आणि वैयक्तिक संशोधक. महाविद्यालयं आणि संशोधन संस्था तिसऱ्या प्रकारातून येतात. उद्योगाचा वर्ग उद्यम नोंदणीवरून ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत १२५ कोटी आणि उलाढालीत ५०० कोटी झाली आहे, त्यामुळे पूर्वी बाहेर राहिलेले काही कारखाने आता बसू शकतात. कंपनीची मालकी आणि नियंत्रण भारतीयांच्या हाती असायला हवं. परदेशी गुंतवणूकदार असेल तर भागधारकांचा तक्ता आधीच सीएकडून तपासून घ्या. पॅन, जीएसटी, उद्यम आणि कंपनी नोंदणीत नाव-पत्ता अक्षरशः एकसारखा आहे का, तेही बघा. ‘प्रायव्हेट’ एका ठिकाणी आणि ‘प्रा.’ दुसऱ्या ठिकाणी, एवढ्यावरून पत्रव्यवहारात आठवडे जातात.

आव्हान नीट वाचा

जाहीर झालेलं प्रॉब्लेम स्टेटमेंट एखाद-दोन परिच्छेदांचं असतं. ते लिहिणारा अधिकारी रोजची अडचण सांगत असतो, तुमच्यासाठी डिझाइन देत नसतो. म्हणून प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने आखा : इथे नेमकं काय मागितलं आहे, ते मोजायचं कशात आणि जे लिहिलेलं नाही पण असणारच ते काय.

एक उदाहरण घेऊ आणि ते पुढेही चालवू. समजा, भोसरीत ई-रिक्षांचे बॅटरी पॅक करणारा एक कारखाना आहे आणि अतिउंचावरच्या चौक्यांसाठी लिथियम-आयन बॅटरी हवी असं आव्हान जाहीर झालं आहे. लिहिलेलं असतं ‘कमी तापमानात काम करणारी’. न लिहिलेलं बरंच असतं. बॅटरी पाठीवरून न्यायची आहे, म्हणजे वजन. हातमोजे घालूनच जोडायची आहे, म्हणजे कनेक्टरचा आकार. हेलिकॉप्टरने जाणार आहे, म्हणजे लिथियम बॅटरीच्या वाहतुकीची यूएन ३८.३ चाचणी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थंडीत बॅटरी वापरणं आणि चार्ज करणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शून्याखाली चार्ज केलं तर ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर धातुरूप लिथियम साचतं, क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्ट सर्किटचा धोका वाढतो. ज्या अर्जात चार्जिंगआधी पॅक गरम करण्याची सोय आणि तिला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशोब दिसतो, तो अर्ज इतरांपासून तिथेच वेगळा होतो.

ही न लिहिलेली माहिती कुठून मिळते? आव्हान जाहीर झाल्यावर शंका विचारायला संधी दिली जाते, ती सोडू नका. थलसेनेचं आर्मी डिझाइन ब्यूरो अडचणींचं संकलन प्रसिद्ध करतं. नौदलात एनआयआयओ ही नवकल्पना आणि स्वदेशीकरणाची यंत्रणा आहे. जुलै २०२२ मध्ये नौदलाने ‘स्प्रिंट’ उपक्रमातून एकाच वेळी ७५ आव्हानं जाहीर केली होती. तेव्हा फक्त डिस्कच्या तारखांकडे डोळे लावून बसू नका. आणि निवृत्त जवान, सुभेदार, नौदलातले आर्टिफिसर म्हणजे तंत्रज्ञ यांच्याशी बोला. असा एखादा माणूस नसलेला तालुका महाराष्ट्रात सापडणार नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या माजी सुभेदाराला ‘तुमच्या वेळी बॅटरी कशी वाहायचात?’ असं विचारा आणि नुसतं ऐका. त्यांना गोपनीय काही विचारायचं नाही, त्यांनीही सांगायचं नाही. वस्तू हाताळताना काय त्रास होतो, एवढंच पुरेसं असतं.

चाचणीचं पान

आता ते एक पान लिहा. नमुना काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, किती वेळा आणि कोणत्या मानकाप्रमाणे. आपल्या बॅटरीसाठी ते साधारण असं होईल : ठरलेल्या उणे तापमानात ठरलेले तास ठेवल्यावर मूळ क्षमतेचा इतका भाग मिळेल. त्याच तापमानात गरम करण्याच्या व्यवस्थेसह इतक्या वेळात चार्ज होईल. इतक्या उंचीवरून पडली तरी आग नाही, गळती नाही. पॅकचं वजन इतक्याच्या आत.

लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या हवामान आणि टिकाऊपणाच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे जेएसएस ५५५५५ हे मानक चालतं. त्यात थंडी, उष्णता, उंची, धक्के, कंपन, पाऊस, धूळ, खारी हवा असं सगळं येतं. विद्युतचुंबकीय हस्तक्षेपासाठी एमआयएल-एसटीडी-४६१. तुम्हाला यातल्या सगळ्याच चाचण्या लागणार नाहीत, पण कोणत्या लागतील हे अर्जाआधी ठरवा आणि समीर ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्था, पुण्याची वाहन संशोधन संस्था एआरएआय किंवा एनएबीएल या प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळेकडून लेखी कोटेशन आणि मोकळ्या तारखा घ्या. नवख्या अर्जांत चाचणीचा खर्च नेहमीच कमी धरलेला असतो. शिवाय नमुना पहिल्याच फेरीत पास होईल असं गृहीत धरलेलं असतं. दोन फेऱ्यांचे पैसे धरा आणि चाचणीत नष्ट होणारे नमुने वेगळे मोजा.

आकडे लिहिताना बाजारातला सर्वोत्तम आकडा देण्याचा मोह होतो. पण हाच आकडा उद्या करारात उतरतो आणि त्याच्यावरच तुमचा हप्ता अवलंबून असतो. आज टेबलावर जे मिळतं त्यापेक्षा पुढचं, पण ज्यासाठी तुमच्याकडे तांत्रिक कारण आहे, असंच लिहा.

टप्पे आणि पैसा

पैसा एकरकमी मिळत नाही. टप्पा पूर्ण, तपासणी, मग पुढचा हप्ता. त्यामुळे टप्पा असा हवा की तो झाला की नाही यावर वाद होऊ नये. ‘डिझाइनचं काम ७० टक्के पूर्ण’ हा टप्पा नव्हे. ‘दोन पॅक बांधून उणे तापमानाच्या चेंबरमधल्या डिस्चार्जचा अहवाल सादर’ हा टप्पा. चार-पाच टप्पे पुरेत.

समजा आपल्या बॅटरी प्रकल्पाचा खर्च दोन कोटी चाळीस लाख आहे. सरकारचे एक कोटी वीस लाख, तुमचेही तेवढेच. ही स्वतःची रक्कम कुठून येणार, हे समितीला दाखवावं लागतं : कंपनीची गंगाजळी, गुंतवणूकदाराचं पत्र, बँकेची मंजुरी. महाराष्ट्रात संरक्षण आणि हवाई क्षेत्रासाठी राज्य सरकारच्या सहभागाचा व्हेंचर फंडही आहे, त्याचा विचार करायला हरकत नाही. तुमच्याकडची यंत्रं, आधी झालेला खर्च, संचालकांचा वेळ यांतलं काय तुमच्या वाट्यात धरलं जाईल, हे त्या फेरीच्या नियमांत बघा आणि शंका असेल तर ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तरावर ताळेबंद मांडू नका.

खरी ओढाताण हप्त्यांच्या मधल्या काळात होते. टप्पा पूर्ण झाला, अहवाल गेला, तपासणी व्हायची आहे, अधिकाऱ्याची बदली झाली, आर्थिक वर्ष संपलं. या काळात पगार थांबत नाहीत. माझा सल्ला असा की, स्वतःच्या वाट्याशिवाय चार महिन्यांचा पगार आणि कच्चा माल भागेल एवढं खेळतं भांडवल वेगळं ठेवा. ते नसेल तर प्रकल्प लहान करा किंवा पुढच्या फेरीची वाट बघा. चांगलं तंत्रज्ञान असलेल्या छोट्या कंपन्या अशा काळात दुसरी नागरी कामं उचलतात आणि संरक्षणाचा नमुना मागे पडतो. हे फार वाईट वाटण्यासारखं आहे आणि थोड्या हिशोबाने टळू शकतं.

निधीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. प्रत्येक खरेदीला कोटेशन, ऑर्डर, बिल आणि स्टॉक नोंद ठेवा. पैसा कसा खर्च झाला याचं सीएने दिलेलं युटिलायझेशन सर्टिफिकेट पुढच्या हप्त्यासाठी लागतं. तुमच्या सीएने सरकारी अनुदानाचं काम आधी केलेलं नसेल, तर पहिल्या महिन्यातच त्यांना नियम वाचायला द्या.

परवाने

नमुना बनवायलाही परवाना लागू शकतो, हे अनेकांच्या ध्यानीमनी नसतं. रेडिओ लहरी सोडणारं उपकरण असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेकडून प्रयोगासाठीची परवानगी. स्फोटकं किंवा ज्वालाग्राही पदार्थ असतील तर पेसो या स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना, जिचं मुख्यालय नागपूरलाच आहे. शस्त्र किंवा दारूगोळ्याच्या व्याख्येत बसत असेल तर उत्पादनाचा परवाना. ड्रोन असेल तर ड्रोन नियम २०२१. परदेशी ग्राहकाला नमुना दाखवण्याआधी स्कोमेट ही निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी बघा. यांना लागणारे महिने वेळापत्रकात दिसले पाहिजेत.

सुट्या भागांचा उगम हा आता परवान्याइतकाच गंभीर विषय झाला आहे. २०२५ च्या सुरुवातीला चिनी भागांच्या मुद्द्यावरून ४०० ड्रोनची कंत्राटं रद्द झाली, ही बातमी या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचली. पुढे खरेदी स्वदेशी डिझाइनच्या वर्गात व्हायची असेल तर किमान ५० टक्के स्वदेशी घटक लागतात. म्हणून भागांची यादी करताना प्रत्येक भागासमोर देश, पर्यायी पुरवठादार आणि तो बदलल्यास काय बदलावं लागेल, हे लिहा. बॅटरीच्या बाबतीत सेल कुठून येतात हा पहिला प्रश्न असेल. बाहेरून येत असतील तर तसं स्पष्ट सांगा आणि पॅक, नियंत्रण सर्किट, सॉफ्टवेअर यांत तुमचं स्वतःचं काय आहे, ते दाखवा.

आता अर्ज

आत्तापर्यंतचं झालं असेल तर अर्ज भरायला फार दिवस लागत नाहीत. तो इंग्रजीत साध्या, छोट्या वाक्यांत लिहा. आव्हानात वापरलेले शब्दच वापरा. तिथे ‘रेंज’ असेल तर तुम्ही ‘कव्हरेज’ म्हणू नका. नावीन्याच्या रकान्यात ‘जगातलं पहिलं’ असले दावे टाळा. आज दलांकडे काय आहे, बाजारात काय मिळतं आणि तुमचं नेमकं कुठे वेगळं आहे, हे तीन ओळींत सांगा. तंत्रज्ञानाची सज्जता एक ते नऊ या पातळ्यांत विचारतात. तिथे प्रामाणिक राहा आणि पुराव्याला फोटो, चाचणीचा आलेख, एखादा छोटा व्हिडिओ द्या. चमूच्या माहितीत पदव्यांपेक्षा कोण काय करणार ते लिहा. उष्णतेचं गणित करणारा माणूस चमूत नसेल तर सल्लागार म्हणून कोण येणार, तेही.

पेटंटचा मुद्दा अर्जाआधी उरका. पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज दाखल करायला स्टार्टअपला शुल्कात मोठी सवलत आहे. भारतात राहून परदेशात आधी पेटंट टाकायचं असेल तर पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परवानगी लागते. संरक्षणाशी संबंधित शोध असेल तर कलम ३५ खाली गुप्ततेचा आदेशही येऊ शकतो. या क्षेत्रातला पेटंट एजंट गाठा.

समितीसमोर

पार्टनर इन्क्युबेटर, म्हणजे आयडेक्सशी जोडलेल्या आणि नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्था, यांच्या पातळीवरच्या छाननीतून निवडलेले अर्ज हाय पॉवर्ड सिलेक्शन कमिटीकडे जातात. हैदराबादचं टी-हब, कोइम्बतूरचं फोर्ज, आयआयटी मुंबईचं साइन ही अशा इन्क्युबेटरांची काही नावं. समितीत प्रत्यक्ष वापर करणाऱ्या दलाचे लोक असतात. वेळ थोडा मिळतो. कंपनीच्या इतिहासाच्या स्लाइड काढून टाका. चाचणीचं पान पहिल्या स्लाइडवर, कामाचा नमुना दुसऱ्या, टप्पे आणि पैसा तिसऱ्या.

प्रश्न बहुधा असे येतात : चौकीवर, वाळवंटात, बर्फात बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? हा भाग परदेशातून येणं थांबलं तर? शंभर हवे असतील तर किती महिन्यांत द्याल? उत्तर माहीत नसेल तर ‘हे आम्ही दुसऱ्या टप्प्यात मोजणार आहोत’ असं सांगा, पण तो टप्पा खरोखर तुमच्या वेळापत्रकात असू द्या. बोलणारा माणूस अभियंता असावा, विक्रीवाला नव्हे.

निवड झाल्यावर

निवडीच्या पत्राने आनंद होतो, पण पैसा करारानंतर येतो. करार होईपर्यंत दलाच्या नोडल, म्हणजे तुमच्या प्रकल्पासाठी नेमलेल्या, अधिकाऱ्यासोबत तपशीलवार आवश्यकता पुन्हा बसून ठरवल्या जातात. इथे मागण्या वाढू शकतात. वाढलेली मागणी मान्य असेल तर तिचा वेळ आणि खर्च तिथेच मांडा. बौद्धिक संपदा, सरकारचे वापराचे हक्क, दुसऱ्या उत्पादकाला काम देण्याची तरतूद, उशीर झाल्यास काय, ही कलमं वकिलाकडून वाचून घ्या. नोडल अधिकाऱ्याला दर महिन्याला एका पानाचं इतिवृत्त पाठवा, त्यांनी मागितलं नाही तरी. अधिकारी बदलले तरी फाइलमध्ये कामाची साखळी राहते.

नमुना दलाच्या चाचणीत उतरला, की अ‍ॅक्विझिशन प्रोसिजर २०२० प्रमाणे खरेदीची वाट उघडते. आयडेक्सच्या उत्पादनांसाठी ती सोपी केलेली आहे. खरेदीची गरज मान्य झाल्यापासून करारापर्यंतचा काळ सुमारे २२ आठवड्यांवर आणण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये जाहीर झालं. एकाच आव्हानात दोन विजेते असतील तर तुमची तुलना त्यांच्याशी होईल. म्हणून नमुन्याच्या कामासोबतच किमतीचा अभ्यास, जोडणीची ड्रॉइंग, देखभालीची पुस्तिका आणि वापरणाऱ्या जवानासाठी हिंदीतलं सोपं सूचनापत्र तयार करत जा. हे दस्तऐवज चाचणीनंतर करायला घेतले तर मोकळ्या हातांनी थांबलेले महिने वाया जातात.

निवड झाली नाही, तर मिळालेला अभिप्राय जपा आणि तेच चाचणीचं पान घेऊन पुढच्या फेरीकडे, टीडीएफच्या यादीकडे किंवा स्वदेशीकरणासाठीच्या सृजन पोर्टलवरच्या सुट्या भागांच्या मागणीकडे वळा. सृजनवर आयात होणाऱ्या वस्तूंची यादी आहे. तुमच्या लेथवर होण्यासारखं त्यात काही आहे का, ते बघायला एक दुपार पुरते.